फादर विलिस : हवेवर उभं राहिलेलं एक करिअर

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकतो. "फादर विलिस" हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं हा कोणीतरी पाद्री असणार, पांढरा झगा, गळ्यात क्रॉस वगैरे. तसं काहीच नाहीये. हेन्री विलिस हा एकोणिसाव्या शतकातला लंडनचा कारागीर, चर्चमधले मोठे पाइप ऑर्गन बनवणारा, आणि "फादर" हे त्याला धंद्यातल्या लोकांनी मानाने चिकटवलेलं नाव, आपल्याकडे एखाद्या जुन्या जाणत्या माणसाला सगळा गाव अण्णा म्हणतो ना तसंच. त्याच्या दीडशे-दोनशे वर्षं आधी बर्नार्ड स्मिथ नावाचा मोठा ऑर्गनवाला होऊन गेला होता, त्यालाही फादर स्मिथच म्हणायचे, मग विलिसलाही तेच लागलं.

दुसरा घोळ ऑर्गन या शब्दाचा. आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की संगीत नाटक आठवतं. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, ही नावं नाटकवेड्या घरांत अजून घेतली जातात. पण तो ऑर्गन म्हणजे पायाने भाता मारायचं, आत धातूचे सूर बसवलेलं वाद्य, म्हणजे आपल्या पेटीचंच मोठं भावंड. त्यात पाइप नसतात. विलिस बनवायचा तो प्रकार वेगळा. शेकडो, कधी हजारो नळ्या, प्रत्येक नळी एकच सूर देणार, आणि त्या सगळ्यांना मिळून फुंकणारा एक अवाढव्य भाता. एका जातीच्या नळ्यांची अख्खी रांग चालू-बंद करायला एक खटका असतो, त्याला स्टॉप म्हणतात. हातांसाठी एकावर एक रचलेले दोन, तीन, चार कीबोर्ड आणि शिवाय पायांसाठी लाकडी पट्ट्यांचा एक वेगळा कीबोर्ड. सगळ्यात मोठी नळी बत्तीस फुटी, म्हणजे तीन मजली घराएवढी उंच, आणि तिचा सूर इतका खाली की सेकंदाला जेमतेम सोळा कंपनं, तो कानाला कमी आणि बाकाला जास्त जाणवतो.

आता विलिसच्या आधी इंग्लंडमध्ये ऑर्गनची काय अवस्था होती ते बघू, कारण ते कळल्याशिवाय या माणसाने नेमकं काय केलं हे कळत नाही. १६४४ मध्ये तिथल्या पार्लमेंटने, प्युरिटन लोकांचा, म्हणजे प्रार्थनेत थाटमाट नको म्हणणाऱ्या कडक पंथाचा, जोर होता तेव्हा, चर्चमधले ऑर्गन काढून टाकायचा हुकूमच काढला होता आणि बरेचसे तोडले गेले. राजेशाही परत आल्यावर पुन्हा बनायला लागले पण लहानच. जर्मनीत संगीतकार बाख पायांनी धावपळ करत फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक पाठलाग करत येते अशी गुंतागुंतीची रचना, वाजवत होता तेव्हा इंग्लंडमधल्या बहुतेक ऑर्गनांना पायाच्या पट्ट्याच नव्हत्या, असल्या तर थोड्याशा, नावापुरत्या. खेड्यातल्या चर्चांमध्ये तर ऑर्गनही नसायचा, मागच्या माडीवर गावातलीच चार माणसं फिडल आणि बॅसून (लांब लाकडी फुंकवाद्य) घेऊन बसायची आणि भजनाला साथ करायची. आपल्या भजनी मंडळासारखंच की, फक्त टाळ-मृदंग नाही.

१८३७ चा एक किस्सा फार बोलका आहे. सप्टेंबर महिना, लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल, संध्याकाळची प्रार्थना संपलेली आणि ऑर्गनवर जर्मन संगीतकार मेंडेल्सन बसलेला. तो बाखचा फ्यूग वाजवायला लागला आणि लोक घरी जाईचनात, नुसते ऐकत उभे. कॅथीड्रलच्या शिपायांना कुलूप लावून घरी जायचं होतं. मेंडेल्सनला उठवणार कसं, तर त्यांनी मागे भाता मारणाऱ्या माणसांनाच थांबायला सांगितलं. हवा संपली, ऐन रंगात आलेला फ्यूग कुईं करून मेला. जगातला सगळ्यात मोठा वादक बसला असला तरी मागचा भातावाला घरी गेला की खेळ खलास, हे त्या काळच्या ऑर्गनचं वास्तव. विलिस तेव्हा सोळा वर्षांचा होता आणि त्याच लंडनमध्ये एका ऑर्गनवाल्याच्या कारखान्यात काम शिकत होता. तो तिथे हजर होता असं मी म्हणत नाहीये, पण पुढची साठ वर्षं हा माणूस ज्या भानगडी सोडवत बसला त्या सगळ्या या एका किस्स्यात आहेत. हवा कुठून आणायची, किती जोराने सोडायची आणि वाजवणाऱ्याच्या बोटापर्यंत तिचा ताबा कसा पोचवायचा.

विलिसचा जन्म २७ एप्रिल १८२१, लंडनमध्येच. चौदाव्या वर्षी, १८३५ मध्ये, जॉन ग्रे नावाच्या ऑर्गनवाल्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर लागला. उमेदवारी म्हणजे त्या काळची अप्रेंटिसशिप, शेठ सांगेल ते करायचं, झाडू मारण्यापासून कातडं चिकटवण्यापर्यंत. तिथेच त्याने कपलर, म्हणजे दोन कीबोर्ड एकमेकांना जोडायची यंत्रणा, स्वतःच्या डोक्याने बनवून दाखवली म्हणतात. आणि काम शिकता शिकता तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवायलाही लागला. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या मते विलिसची सगळी गोम इथेच आहे. सुतार पुष्कळ होते, धातूकाम करणारेही होते, पण रविवारी स्वतः बाकावर बसून अडीच तास वाजवणारा, कुठली पट्टी जड लागते, कुठला खटका हात ताणल्याशिवाय सापडत नाही, पाय कुठे अडखळतो हे अंगाने माहीत असलेला कारखानदार क्वचितच सापडतो. त्याने पुढे जे जे शोध लावले किंवा दुसऱ्यांचे उचलून सुधारले ते जवळजवळ सगळे वाजवणाऱ्याच्या हातापायांच्या तक्रारींवरचे उपाय आहेत.

उमेदवारी संपल्यावर तो तीनेक वर्षं चेल्टनहॅमला इव्हान्स नावाच्या माणसाकडे होता. हा इव्हान्स फ्री-रीडची वाद्यं बनवायचा, म्हणजे पुन्हा आपल्या पेटीच्याच जातीची. दोघांनी मिळून दोन कीबोर्ड आणि पायपट्ट्यांचं एक मोठं रीडचं वाद्य बनवलं आणि लंडनला आणून दाखवलंही. गंमत बघा, ज्या माणसाने पुढे लंडनच्या आल्बर्ट हॉलचा राक्षसी ऑर्गन उभा केला त्याने उमेदीची काही वर्षं पेटीच्या चुलत भावंडात घालवली, आणि रीड म्हणजे काय चीज आहे हे तिथे त्याच्या हातात भिनलं असणार असं मला आपलं वाटतं.

चेल्टनहॅममध्येच त्याला सॅम्युएल सबॅस्टियन वेस्ली भेटला. वेस्ली म्हणजे त्या काळचा इंग्लंडमधला सगळ्यात गाजलेला ऑर्गनिस्ट, मेथडिस्ट पंथातल्या त्या प्रसिद्ध चार्ल्स वेस्लीचा नातू, आणि मधलं नाव सबॅस्टियन हे चक्क बाखवरून ठेवलेलं. माणूस महाविक्षिप्त. पण त्याच्या शब्दाला वजन होतं आणि या ओळखीतूनच ग्लॉस्टर कॅथीड्रलचा जुना ऑर्गन नव्याने बांधायचं काम १८४७ मध्ये विलिसला मिळालं. विलिसने स्वतःचा धंदा लंडनला ग्रेज इन रोडजवळ १८४५ च्या सुमाराला टाकलेला, वय पंचवीसच्या आत, आणि एकदम कॅथीड्रल.

ग्लॉस्टरला त्याने स्वेल नावाचा भाग फार भारी केला. स्वेल म्हणजे नळ्यांच्या काही रांगा लाकडी खोक्यात बंद करायच्या आणि खोक्याला झडपा लावायच्या, मुंबईतल्या जुन्या चाळींच्या खिडक्यांना तिरप्या फळ्यांच्या झडपा असायच्या ना, अगदी तशा. पायाने झडप उघडली की आवाज फुलतो, मिटली की लांब गेल्यासारखा वाटतो. नळीचा आवाज मुळात कमी-जास्त होत नाही, फुंकर कमी केली तर सूरच उतरतो, म्हणून ही युक्ती. विलिसने झडपांचे एकाऐवजी दोन थर लावले, त्यामुळे मिटल्यावर आवाज इतका बारीक व्हायचा की लोक थक्क झाले. म्हातारपणी या कामाबद्दल बोलताना तो म्हणायचा की मला त्याचे चारशे पौंड मिळाले आणि तेवढ्यावर मी लग्न करायचं धाडस केलं.

मग आलं १८५१. हाइड पार्कमधलं ते काचेचं महाप्रदर्शन, ग्रेट एक्झिबिशन, जिथे सगळ्या जगाने आपापली यंत्रं आणून मांडली होती. ऑर्गनवालेही आले होते, इंग्लंडमधले हिल आणि ग्रे अँड डेव्हिसन, म्हणजे विलिसच्या जुन्या शेठचीच कंपनी, जर्मनीतून शुल्झे, फ्रान्समधून ड्युक्रोके. आणि तीस वर्षांच्या विलिसने, ज्याच्या नावावर अजून फार मोठी कामं नव्हती, सत्तर स्टॉपचा ऑर्गन उभा केला. प्रदर्शनातला सगळ्यात मोठा. हा धंद्याच्या दृष्टीने जुगारच होता, कारण एवढं वाद्य कोणी ऑर्डर न देता बनवायचं म्हणजे शिसं, कथील, लाकूड, मजुरी सगळं आपल्या खिशातून.

त्या ऑर्गनमध्ये एक छोटी गोष्ट होती जी आज बहुतेक मोठ्या ऑर्गनांवर दिसते. कीबोर्डच्या खालच्या कडेला अंगठ्याने दाबता येतील अशी बटणं, त्यांना पिस्टन म्हणतात. आधी काय व्हायचं, की वाजवता वाजवता आवाजाचा पोत बदलायचा तर एक हात सोडून बाजूचे पाच-सात खटके ओढायचे नाहीतर शेजारी एक पोरगा उभा करायचा. पिस्टन दाबला की ठरवून ठेवलेले खटके एकदम आतबाहेर. कीबोर्डवर प्रीसेटचं बटण असतं ना आता, त्याचा हा पणजोबा. कागदावर बघायला गेलं तर बारीकशी सोय, पण बोट पट्टीवरून न उचलता हे होतं याचं मोल फक्त वाजवणाऱ्यालाच कळणार.

मेडल मिळालं, पण खरी कमाई वेगळीच झाली. एक, तोच ऑर्गन थोडा लहान करून १८५४ मध्ये विंचेस्टर कॅथीड्रलने घेतला, तिथे तेव्हा वेस्लीच ऑर्गनिस्ट होता, हा योगायोग अर्थातच नव्हता. दोन, लिव्हरपूल कॉर्पोरेशनची मंडळी प्रदर्शनात ऐकून गेली आणि त्यांच्या नव्या सेंट जॉर्जेस हॉलचं काम विलिसला मिळालं. शंभर स्टॉप, चार कीबोर्ड, मे १८५५ मध्ये उद्घाटन, वाजवायला वेस्ली.

इथे जरा थांबून तो काळ बघायला हवा. लिव्हरपूलचा हा हॉल म्हणजे चर्च नव्हे, नगरपालिकेची इमारत. कापसाच्या आणि जहाजांच्या पैशावर उभी राहिलेली शहरं तेव्हा एकमेकांशी चढाओढ करत होती, तुमच्याकडे टाउन हॉल तर आमच्याकडे त्याहून मोठा, तुमच्या हॉलमध्ये ऑर्गन तर आमच्या ऑर्गनला तुमच्याहून जास्त नळ्या. रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही, ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर तिकीट परवडत नाही, मग शनिवारी कामावरून सुटलेला माणूस हॉलमध्ये जाऊन ऑर्गनवर वाजवलेली ऑपेराची ओव्हर्चर आणि सिंफनी ऐकायचा. लिव्हरपूलला नेमलेला डब्ल्यू. टी. बेस्ट यात वस्ताद होता, चाळीसएक वर्षं तो तिथे वाजवत होता. दुसरीकडे चर्चमध्येही वारं बदललं होतं, १८३३ पासूनच्या, चर्चमध्ये जुने विधी-सोहळे परत आणू पाहणाऱ्या ऑक्सफर्ड चळवळीमुळे झगे घातलेली गायकमंडळी पुढे वेदीजवळ बसायला लागली, मागच्या माडीवरचं फिडलवाल्यांचं मंडळ हळूहळू बरखास्त झालं, आणि गावोगावच्या चर्चला ऑर्गन हवा झाला. विलिस हुशार होता हे खरंच, पण तो हुशार असताना अख्खा देश ऑर्गन विकत घ्यायला निघाला होता हेही तितकंच खरं.

लिव्हरपूलमध्ये वेस्लीशी मात्र खटके उडण्यासारख्या गोष्टी होत्या. वेस्लीने हट्टाने जुन्या पद्धतीचं ट्यूनिंग ठेवायला लावलं, म्हणजे काही पट्ट्या गोड आणि काही पट्ट्या कानाला झोंबणाऱ्या. आपल्याकडे पेटीच्या सुरांवरून "ही श्रुतीत नाही" म्हणून जो वाद झाला, त्याचीच ही उलटी बाजू म्हणायची. बेस्टला सगळ्या पट्ट्यांमधलं ऑर्केस्ट्राचं संगीत वाजवायचं होतं, त्याला हे असह्य होतं. शेवटी १८६७ मध्ये ऑर्गन पूर्ण समान स्वरांतराच्या ट्यूनिंगवर आणला. पण वेस्लीची एक कल्पना मात्र टिकली. पायाच्या पट्ट्या आधी सरळ सपाट असायच्या. प्रदर्शनात शुल्झेने त्या मध्ये खोलगट केलेल्या होत्या, वेस्ली म्हणाला की त्या पंख्यासारख्या पसरवल्या तर? विलिसने दोन्ही एकत्र केलं. बाकावर बसून पाय टोकापर्यंत नेऊन बघा, पाय सरळ रेषेत जात नाही, तो कमरेपासून कमानीत फिरतो. ती कमान त्याने लाकडात उतरवली. आज इंग्लंड-अमेरिकेतले बहुतेक ऑर्गनिस्ट याच आकाराच्या पायपट्ट्यांवर शिकतात.

आता हवेच्या कारभाराकडे येतो, कारण लिव्हरपूलएवढा ऑर्गन नुसता हाताने वाजवताच येत नाही. जुन्या पद्धतीत पट्टी दाबली की लाकडी काड्यांच्या साखळीने लांबवर एक झडप उघडते आणि हवा नळीत जाते. पण त्या झडपेवर आतून दाबलेली हवा बसलेली असते, ती फोडायला बोटाची ताकद लागते. दोन-तीन कीबोर्ड जोडले की एका बोटाने तीन-तीन झडपा उघडायच्या. मोठ्या ऑर्गनवर जोरकस काही वाजवणं म्हणजे तालमीचं काम. यावर उपाय शोधला बाथ गावच्या चार्ल्स बार्करने. पट्टीने मोठी झडप उघडायचीच नाही, फक्त एका छोट्याशा भात्यात हवा सोडायची, तो भाता फुगतो आणि जड काम तो करतो. गाडीच्या पॉवर स्टीअरिंगचंच तत्त्व, फक्त तेलाऐवजी हवा. इंग्लंडमध्ये बार्करला कोणी विचारलं नाही, तो फ्रान्सला गेला, तिथे कव्हाये-कोल नावाच्या ऑर्गनवाल्याने १८४१ मध्ये सेंट-डेनीच्या ऑर्गनमध्ये ते लावून नाव कमावलं, आणि मग ती कल्पना फिरून इंग्लंडला परत आली. विलिसने ती उचलली आणि स्वतःच्या पद्धतीने घडवली. घरची कोंबडी असलं काहीतरी सगळीकडेच असतं.

एकदा बोटाचा प्रश्न सुटल्यावर हवेचा दाब वाढवायला मोकळीक मिळाली. आणि हवा पुरवायला भातावाले पुरेनात, म्हणून वाफेची इंजिनं आली. मेंडेल्सनच्या वेळच्या शिपायाचं आता नुसतं थांबायला सांगून भागणार नव्हतं, त्याला बॉयलर विझवावा लागला असता.

१८७१ आणि १८७२ ही विलिसची शिखराची वर्षं. रॉयल आल्बर्ट हॉलचा ऑर्गन १८७१ मध्ये झाला, १११ स्टॉप, नऊ हजारांच्या घरात नळ्या, तेव्हा जगातला सगळ्यात मोठा, हवेसाठी वाफेची दोन इंजिनं. उद्घाटनाला बेस्ट, आणि त्याच उन्हाळ्यात व्हिएन्नाहून संगीतकार अँटन ब्रुकनर येऊन वाजवून गेला. पुढच्या काळात दुसऱ्यांनी त्यात बरीच भर घातली आणि आज नळ्यांचा आकडा सांगतात ९९९९. दहा हजार का नाही केले कोणास ठाऊक, बाटाच्या बुटांच्या किमतीसारखं वाटतं.

पण मला स्वतःला आल्बर्ट हॉलपेक्षा सेंट पॉल्सचं काम जास्त आवडतं. तिथला मूळ ऑर्गन फादर स्मिथचा, सतराव्या शतकाच्या शेवटचा, आणि कॅथीड्रल बांधणारा क्रिस्टोफर रेन त्याच्यावर इतका वैतागलेला की त्याला शिट्ट्यांची पेटी म्हणायचा असं सांगतात, कारण ऑर्गन मधोमध आडव्या भिंतीवर बसवल्यामुळे त्याची लांबलचक मोकळी इमारत दोन तुकड्यांत कापली जायची. एकोणिसाव्या शतकात ती आडवी भिंत काढली आणि प्रश्न आला ऑर्गन ठेवायचा कुठे. विलिसने १८७२ मध्ये त्याचे दोन भाग केले, ग्रिनलिंग गिबन्सने कोरलेला जुना लाकडी सांगाडाही विभागला आणि गायकांच्या दोन बाजूंना अर्धा-अर्धा उभा केला. मधे मोकळी जागा, रेन खूश झाला असता. पण वाजवणारा बसणार एका बाजूला, मग पलीकडच्या नळ्यांना निरोप कसा द्यायचा? काड्यांची साखळी तेवढ्या अंतरावर चालणार नाही. तर त्याने फरशीखालून बारीक नळ्या नेल्या, पट्टी दाबली की हवेचा एक धक्का नळीतून पलीकडे जातो आणि तिथली झडप उघडतो. म्हणजे हवेनेच हवेला निरोप द्यायचा. या जागेवर, मेंडेल्सनचा फ्यूग जिथे हवेअभावी मेला होता तिथे, पस्तीस वर्षांनी हे झालं.

सगळंच सुरळीत चाललं असं नाही. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेससाठी त्याने मोठा ऑर्गन केला, २४ मे १८७३ ला पॅलेस उघडला आणि ९ जूनला छताच्या कामातला निखारा पडून सगळं जळालं. सोळा दिवस. पुढे पॅलेस पुन्हा उभा राहिला, १८७५ मध्ये परत उघडला आणि त्यात पुन्हा विलिसचाच नवा ऑर्गन.

आता कारखान्यात जाऊ या. १८६० च्या दशकात त्याने कॅम्डन टाउनमध्ये एक गोल इमारत घेतली, रोटुंडा. ती मुळात प्रचंड मोठी पॅनोरामा चित्रं रंगवण्यासाठी बांधलेली होती, त्यामुळे आत खांबांचा अडथळा नाही आणि उंची भरपूर, ऑर्गनवाल्याला याहून चांगलं काय मिळणार. नळ्यांचा पत्रा तिथे बाजारातून येत नसे, घरातच ओतायचे. शिसं आणि कथील वितळवून एका लांबलचक टेबलावर ओतायचं, लाकडी चौकट सरसर ओढत न्यायची की मागे चकचकीत पातळ थर उरतो. मग एक-दोन मिनिटं काहीच होत नाही. आणि थंड होता होता त्या आरशासारख्या पत्र्यावर एकाएकी ठिपके उमटायला लागतात, बिबट्याच्या कातड्यासारखे, दोन धातू वेगवेगळ्या वेळी गोठतात म्हणून. कथिलाचं प्रमाण बरोबर असेल तरच ते ठिपके नीट येतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला मालात भेसळ नाही हे डोळ्यांनीच दिसतं. विलिस हा ठिपक्यांचा पत्रा भरपूर वापरायचा.

आणि रीड. विलिसच्या ऑर्गनचं खरं गुपित हे. पाइप ऑर्गनमध्ये काही रांगा बासरीसारख्या असतात आणि काही ट्रंपेटसारख्या, या दुसऱ्या प्रकारात नळीच्या बुडाशी पितळेची एक जीभ असते. पेटीतला सूर चौकटीच्या आतबाहेर मोकळा हलतो, ही जीभ मात्र पितळेच्या खाचेवर आपटत राहते. ती जीभ एकदम सपाट असेल तर खाचेला चिकटून बसते, बोलतच नाही. जास्त वाकवली तर उशिरा बोलते आणि खरखरते. मधली ती किंचितशी कमान, जी डोळ्याला धड दिसतही नाही, ती पोलादी दांडीने एकेका जिभेवर चोळून आणायची असते. हे काम विलिसचा भाऊ जॉर्ज करायचा आणि जाणकार लोक सांगतात की त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. मला हे वाचताना मिरज आठवतं. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढणारा कारागीर असंच करतो ना, कानस दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा एकदा फिरवायची, आणि विचारलं की कळतं कसं तर म्हणणार ऐकून. खालच्या सुरांच्या मोठ्या जिभांना विलिसकडे पितळेची छोटी वजनं लावायचे, म्हणजे त्या फडफडत नाहीत आणि आवाज गुळगुळीत, भरीव येतो. जास्त दाबाच्या हवेवर हे रीड असे काही गर्जतात की कॅथीड्रलच्या दुसऱ्या टोकाला बसलेला माणूसही सरसावून बसतो.

माणूस म्हणून कसा होता? स्वभावाने हुकमी, स्वतःच्या मताचा. लंडनच्या इझ्लिंग्टनमध्ये, हॉलोवे रोडवर, एका चर्चमध्ये तो जवळपास तीस वर्षं ऑर्गनिस्ट होता, आणि कामासाठी देशभर कुठेही असला तरी रविवारी आगगाडी पकडून तिथे हजर व्हायचा. शिवाय डबल बेस वाजवायचा, १८४७ च्या ग्लॉस्टर महोत्सवात ऑर्केस्ट्रात उभा राहून वाजवलाही. आणि शिडाच्या बोटीचा नाद. ओपल नावाची त्याची बोट होती, तिच्यातून त्याने अख्ख्या ग्रेट ब्रिटनला प्रदक्षिणा घातली होती आणि आपली तब्येत ठणठणीत आहे ती या बोटीमुळे असं सांगायचा. आयुष्यभर बंद खोक्यात हवा कोंडायचा धंदा करणारा माणूस सुट्टीतही वाऱ्याच्याच मागे.

१८७८ मध्ये व्हिन्सेंट आणि हेन्री ही दोन मुलं भागीदार झाली आणि कंपनी हेन्री विलिस अँड सन्स झाली. कॅथीड्रलांची तर रांगच लागली, कार्लाइल, वेल्स, डरॅम आणि सॉल्झबरी आधीच झाली होती, पुढे ग्लासगो, हेरफर्ड. सॉल्झबरीचा ऑर्गन १८७७ चा, एका श्रीमंत बाईंच्या देणगीतून झालेला, आणि त्याच्या पोताबद्दल आजही लोक हळवे होऊन बोलतात. कँटरबरीला १८८६ मध्ये त्याने वाजवणारा खाली आणि नळ्या वरच्या मजल्यावर अशी मांडणी करून निरोप विजेच्या तारेने पाठवले. ट्रुरोचं कॅथीड्रल कॉर्नवॉलमध्ये नवंकोरं बांधलं जात होतं, तिथला १८८७ चा ऑर्गन लंडनहून बोटीने गेला. हजारावर ऑर्गन या कारखान्यातून एकतर नवे बाहेर पडले किंवा दुरुस्त होऊन गेले. आपल्याकडे म्हणाल तर कोलकात्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये १८८१ चा विलिस ऑर्गन आहे. बंगालच्या दमट हवेत कातड्याचे भाते आणि लाकडी काड्या टिकवायच्या म्हणजे काय व्याप असेल याची कल्पना ज्याने पावसाळ्यात फुगून बसलेली पेटी उघडली आहे त्याला नक्की येईल. आमच्या घरच्या जुन्या पायपेटीच्या तीन पट्ट्या जुलैत दाबल्या की ऑगस्टमध्येच वर यायच्या.

कौतुक खूप झालं, दुसरी बाजूही सांगायला हवी. विलिसला जुना ऑर्गन "सुधारायला" दिला की जुनं फारसं काही शिल्लक राहायचं नाही. सतराव्या-अठराव्या शतकातल्या नाजूक, कमी दाबाच्या नळ्या त्याच्या आणि त्याच्या पिढीतल्या सगळ्यांच्याच हातून एकतर बदलल्या गेल्या नाहीतर भट्टीत गेल्या. विसाव्या शतकात जेव्हा बाखच्या काळच्या आवाजाचं वेड आलं तेव्हा याच विलिसला लोक नावं ठेवायला लागले, फार जाडा आवाज, फार ऑर्केस्ट्रासारखा. वाड्याचं लाकूड काढून स्लॅब टाकला तेव्हा त्या पिढीला ती प्रगतीच वाटत होती, आता आपण खांब शोधत फिरतो, तसलाच प्रकार. आणि पुढे त्याच्या उतारवयात रॉबर्ट होप-जोन्स नावाचा टेलिफोन कंपनीतला इंजिनिअर आला, त्याने विजेचं तंत्र आणखी पुढे नेलं, मग अमेरिकेला गेला आणि सिनेमा थिएटरात वाजणाऱ्या वुर्लिट्झर ऑर्गनमागे त्याचंच डोकं. विलिसच्या चाहत्यांसमोर हे नाव जरा जपूनच घ्यावं.

लिंकन कॅथीड्रलचा ऑर्गन १८९८ मध्ये पूर्ण झाला, विलिस तेव्हा ७७ वर्षांचा. भाता विजेवर. लहानपणी मागे घामाघूम होऊन दांडा मारणारी माणसं बघितलेल्या या पोराने मधे पाणी, वाफ सगळं वापरून शेवटी बटण दाबून हवा येताना पाहिली. त्यानंतरचं कॅथीड्रल त्याच्या नशिबात नव्हतं. २२ जानेवारी १९०१ ला व्हिक्टोरिया राणी गेली आणि वीसच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, विलिस गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याला पुरलंय. कंपनी पुढे मुलाने, नातवाने, पणतूने चालवली, नातवाने लिव्हरपूलच्या अँग्लिकन कॅथीड्रलला दहा हजारांवर नळ्यांचा ऑर्गन बसवून आजोबांचे आकडे मागे टाकले. १९९७ मध्ये घराण्यातल्या शेवटच्या हेन्रीने निवृत्ती घेतली, नाव आणि कारखाना मात्र चालू आहे.

आणि हॉलोवे रोडवरच्या त्या चर्चमध्ये, जिथे तो रविवारच्या गाड्या पकडून पोचायचा, तिथे त्याने १८६७ मध्ये स्वतःच बसवलेला ऑर्गन अजून आहे. त्याचं गिऱ्हाईक, कारागीर आणि वादक एकच माणूस होता, त्यामुळे तक्रार करायलाही दुसरं कोणी नव्हतं.